खोली संध्याकाळ बघून घ्या

वाचकाचं पत्र:
मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार कोल्हापूरला ऑडिटसाठी जायचंय. दोन दिवस शिरोली एमआयडीसीतली फौंड्री (ओतकामाचा कारखाना), दोन दिवस गोकुळ शिरगावातलं मशीन शॉप. एकटीच आहे. खोलीसाठी करासकट २५०० आणि खाण्यासाठी दिवसाला ७०० रुपये मिळतात. ऑफिसातले म्हणतात शिरोलीतच हायवेवर राहा, वेळ वाचेल. आई म्हणते देवीच्या देवळाजवळ राहा. मटण खाते, पण पित्ताचा त्रास आहे. संध्याकाळी सहानंतर मोकळी असेन. कुठं राहू, काय खाऊ, कुठं फिरू? चप्पल आणि गूळही आणायचाय.

उत्तर:

ऑफिसातल्यांचं ऐकू नका, आणि या एका बाबतीत आईंचंही नको.

हायवेवरची खोली कागदावर सोयीची दिसते. शिरोलीचे दोन दिवस पाच-सात मिनिटांत गेटवर, हे खरं. पण गोकुळ शिरगाव शहराच्या पलीकडच्या, दक्षिण बाजूला आहे, म्हणजे उरलेले दोन दिवस तुम्ही महामार्गाने शहराला वळसा घालून जाणार. शिवाय सकाळची काळजी तुम्हाला करायचीच नाहीये. ऑडिटला येणाऱ्या माणसाला आणायला कारखान्याची गाडी येते आणि ती तुम्ही जिथं असाल तिथं येते. संध्याकाळी मात्र कुणी येत नाही. सहा-साडेसहाला हायवेवरच्या हॉटेलात सोडलं की पुढचे चार तास खोली, टीव्ही आणि खालचं फॅमिली रेस्टॉरंट. बाहेर ट्रकांची रांग, पायी जायला फुटपाथ नाही, रात्री नऊनंतर रिक्षा मिळणं अवघड. चार दिवसांत तुमच्या मालकीच्या असलेल्या चारच संध्याकाळी आहेत. खोली त्या बघून निवडा, कारखाना बघून नको.

देवळाजवळचं राहणं यात्रेकरूंसाठी ठीक. महाद्वार रोड, ताराबाई रोड, गुजरी हा भाग गल्ल्यांचा. गाडी दारापर्यंत येईलच असं नाही, सकाळी साडेसातला ड्रायव्हर फोन करून ‘मॅडम, बिंदू चौकात थांबलोय’ म्हणणार आणि तुम्ही सेफ्टी शूज, लॅपटॉप आणि गेजची पेटी घेऊन चालत निघणार. तिथल्या बऱ्याच लॉजचा हिशेब चार-सहा जणांच्या कुटुंबाचा असतो. एकट्या माणसाला टेबल-खुर्ची, नीट वायफाय, वेळेवर बिल हवं असतं आणि तिथं नेमकं तेच मिळत नाही.

राहायचं ते कावळा नाका, ताराबाई पार्क, शाहूपुरी, स्टेशन रोड या पट्ट्यात. नकाशात बघा: इथून शिरोली एमआयडीसी पंधरा-वीस मिनिटं, गोकुळ शिरगाव साधारण अर्धा तास, अंबाबाईचं देऊळही फार लांब नाही. मध्यवर्ती एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन इथंच. सयाजी, पॅव्हेलियनसारखी मोठी हॉटेलं याच भागात आहेत. तुमच्या मर्यादेत ती बसतील की नाही हे त्या आठवड्याच्या गर्दीवर आहे, पण त्यांच्या आजूबाजूला मधल्या दरातली हॉटेलं भरपूर. ताराबाई पार्क जास्त शांत आणि झाडीचा, शाहूपुरी जास्त वर्दळीची. एकट्या बाईला रात्री नऊला औषधाच्या दुकानापर्यंत चालत जायचं असेल तर वर्दळीची जागा बरी, आणि झोप सावध असेल तर ताराबाई पार्क. आमचं मत विचाराल तर शाहूपुरीतली, पण रस्त्याकडे तोंड नसलेली खोली.

आता २५०० चं गणित. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, आधी तो १२ टक्के होता. म्हणजे मूळ भाडं २३८० पर्यंत असेल तर करासकट २४९९ होतात. ॲपवर मोठ्या अक्षरात दिसणारा आकडा बहुतेक वेळा कराआधीचा असतो आणि ॲपची स्वतःची फी वेगळी लागते. त्यामुळे ॲपवर दर बघून घ्या आणि मग हॉटेलच्या काउंटरला थेट फोन करा. चार-पाच रात्रींचं, कंपनीच्या नावाचं बुकिंग म्हटलं की सोमवार ते गुरुवारचा दर बहुतेक जण खाली आणतात, कारण कोल्हापूरची गर्दी शनिवार-रविवारची. कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर खोलीत शिरतानाच लिहून द्या. निघताना सकाळी सात वाजता दिलात तर ‘सिस्टिममध्ये नाव बदलत नाही’ हे उत्तर मिळतं आणि अकाउंट्सवाले ते बिल परत पाठवतात.

फोनवर आणखी चार गोष्टी विचारा, कारण त्या वेबसाइटवर नसतात. हॉटेलात लग्नाचा हॉल आहे का, आणि तुमच्या तारखांना त्यात काय आहे? डिसेंबरचा पहिला पंधरवडा म्हणजे मुहूर्तांचा काळ. हळदीचा डीजे तुमच्या खोलीच्या खाली वाजला तर दुसऱ्या दिवशीचा ऑडिट रिपोर्ट तुम्ही झोपेतच लिहाल. तळमजल्यावर परमिट रूम आहे का, आणि असेल तर खोल्यांकडे जायचा जिना-लिफ्ट वेगळी आहे का? गरम पाणी चोवीस तास की सकाळी ठरावीक वेळेत? सोलर असेल तर सहाच्या आत अंघोळ करणाऱ्याला कोमट पाणीच मिळतं. आणि चेकआउट दुपारी बाराचं की आल्यापासून चोवीस तासांचं? इथल्या काही हॉटेलांत अजून चोवीस तासांची पद्धत आहे. रविवारी रात्री नऊला पोचलात तर गुरुवारी कामावरून परतून, अंघोळ करून, नऊच्या आत निघता येतं, एक रात्र वाचते.

कपडे धुवायची सोयही विचारून घ्या. फौंड्रीतली काळी वाळू शिवणीत, केसांत, मोज्यांत सगळीकडे जाते. सुती पूर्ण बाह्यांचे दोन जोड फक्त फौंड्रीसाठी ठेवा. सिंथेटिक कापड भट्टीजवळ घालायचंच नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ते जोड हॉटेलच्या लाँड्रीत पांढऱ्या कपड्यांबरोबर देऊ नका.

कारखान्याला आधीच एक मेल टाका: ओतकाम कोणत्या पाळीत आहे? साचे (मोल्डिंग) दिवसा आणि धातू ओतणं संध्याकाळी, असं बऱ्याच फौंड्रींत चालतं. तुम्हाला ओतताना तापमान आणि वेळ स्वतः बघायची असेल आणि ती पाळी दुपारी चारनंतरची निघाली, तर सहाला मोकळी होण्याचा बेत तिथंच संपतो. आधी कळलं तर तो एक दिवस ठरवून टाका आणि त्या रात्री फिरायला जायचंच नाही असं धरा.

यायचं कसं? पुण्याहून कोल्हापूर अंदाजे २३० किलोमीटर. सातारा-कागल महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे चार तासांत पोचू हा हिशेब सोडा, पाच तास धरा, रविवारी संध्याकाळी सहा तास. वंदे भारत पुण्याहून आठवड्यातून तीनच दिवस आहे, वार जुळला तर तीच घ्या. चाकणहून पुणे स्टेशन गाठण्यापेक्षा वाकडला मुंबई-कोल्हापूर बस पकडणं सोपं पडतं. बसवाल्याला बसतानाच विचारा: शहरात सोडणार की तावडे हॉटेलला? पुढं बेळगाव-बंगळूरकडे जाणाऱ्या गाड्या तावडे हॉटेललाच उतरवतात. नाव हॉटेलचं असलं तरी ते महामार्गावरून शहरात शिरण्याचं तोंड आहे, तिथं खोली शोधत बसू नका. तिथून कावळा नाका दोन-अडीच किलोमीटर. रात्री उशीर होणार असेल तर हॉटेलला फोन करून गाडी किंवा ओळखीचा रिक्षावाला सांगून ठेवा. कोल्हापूरची रिक्षा मीटरवर चालते आणि तिच्या सजावटीवर मालक घरापेक्षा जास्त खर्च करतो. पण एमआयडीसीतून परतीची रिक्षा मीटरवर मिळेलच असं धरू नका, तिथं आधी बोलून घ्या.

आता खाणं. पित्त आणि कोल्हापूर हे दोन शब्द एकत्र आले की लोक घाबरवतात, पण त्यातलं बरंचसं भय बाहेरच्या हॉटेलांनी तयार केलंय. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची लालभडक भाजी पुण्या-मुंबईच्या मेनूकार्डावरची. इथल्या घरात ती कुणी करत नाही. इथलं जेवण झणझणीत आहे खरं, पण त्यातला मोठा भाग कांदा-लसूण चटणीच्या चवीचा, नुसत्या तिखटाचा नाही.

मटणाचं ताट एकदा, बुधवारी रात्री घ्या. बुधवार, शुक्रवार, रविवार हे इथले मटणाचे वार, त्या दिवशी खप जास्त म्हणून माल ताजा. पद्मा गेस्ट हाऊस, ओपल, देहाती ही जुनी-परिचित नावं. ताटात सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी किंवा चपाती, भात, दही-कांदा असतो. साधारण साडेतीनशे-चारशेच्या घरात बसतं. रस्सा पुन्हा वाढतात, त्यामुळे पहिल्यांदाच वाटी भरून घेऊ नका. पित्तवाल्यांनी क्रम पाळायचा: आधी पांढरा. तो मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू घालून केलेला असतो, तिखट जवळजवळ नाही. रिकाम्या पोटात आधी तो गेला की पुढचं सोसतं. मग सुकं मटण भाकरीबरोबर. तांबडा शेवटी, आणि भातावर, नुसता पिऊन नाही. वर तरंगणारा तेलाचा थर चमच्याने बाजूला सारून खालचा घ्या, निम्मं तिखट त्या थरातच असतं. ताटाबरोबर कोल्ड्रिंक मागवू नका, दही किंवा ताक मागवा. आणि आठच्या आत बसा. साडेनऊला जेवून अकराला आडवं झालात तर दोष तांबड्याला देऊ नका.

दुपारी साडेतीन ते सात बऱ्याच खानावळींची चूल बंद असते. ‘काम संपलं, साडेपाचला जेवून घेऊ’ हा बेत इथं जमत नाही.

इथं एक व्यावसायिक अडचण येईल. फौंड्रीवाले तुम्हाला दुपारी मटणाला नेणार. हा लाच देण्याचा प्रकार नसतो, पाहुणा उपाशी गेला तर कोल्हापूरकराला झोप लागत नाही. पण तुम्ही ऑडिटला आला आहात, आणि मटणाच्या ताटानंतर भर दुपारी भट्टीशेजारी उभं राहणं शरीरालाही झेपत नाही. आदल्या दिवशीच सांगा: दुपारी कँटीनमध्ये तुमच्या लोकांबरोबर जेवेन, रात्रीचं माझं ठरलंय. कँटीनचं जेवण सहसा साधं आणि चांगलं असतं, शिवाय कामगारांच्या शेजारी बसून जे कळतं ते फाइलमध्ये मिळत नाही. निघताना गुळाची ढेप आणि चपलांचा जोड गाडीत ठेवला जाण्याची शक्यताही धरा. ‘माझी खरेदी ठरलीय हो’ म्हणून नको म्हणा.

मिसळ सकाळची. शिरोलीच्या दिवशी कसबा बावड्यातली बावडा मिसळ, कारण बावड्यातून शियेमार्गे हायवेला लागलं की शिरोली एमआयडीसी जवळच. गोकुळ शिरगावच्या दिवशी शिवाजी उद्यमनगरातली फडतरे, ती त्या बाजूच्या वाटेवर पडते. रविवारी तिथं रांग असते, मधल्या वारी सकाळी आठला जागा मिळते. दुपारनंतर गेलात तर कट (मिसळीचा तिखट रस्सा) संपलेला. इथं पाव येत नाही, स्लाइस ब्रेड येतो, तो कटात बुडवायचा. ब्रेड कट भराभर शोषतो, म्हणून बुडवून ठेवायचा नाही, बुडवून लगेच खायचा. कट वेगळ्या वाटीत मागा आणि मटकी-बटाटा-शेवेवर तुम्हाला झेपेल एवढाच घाला. तेही नको वाटलं तर दही मागा, कुणी हसत नाही. दोन्ही सकाळी मिसळ खाऊ नका. एकच निवडा, आणि ज्या दिवशी अख्खा दिवस शॉप फ्लोअरवर आहे तो दिवस निवडू नका. फौंड्रीत बायकांचं स्वच्छतागृह बहुधा ऑफिसच्या इमारतीत, म्हणजे पोटात गडबड झाली की अंतर मोठं. ज्या दिवशी कागदपत्रं तपासायची आहेत, तो मिसळीचा.

बाकीच्या रात्री हलकं. हातगाडीवरचा दावणगिरी लोणी डोसा, लहान, जाडसर, वर लोण्याचा गोळा. दोन डोशांत पोट भरतं, पित्तालाही बरं. खासबागेजवळ राजाभाऊची भेळ संध्याकाळी. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध देण्याची जुनी पद्धत आहे. बघायला जरूर जा, पण प्यायचं तर तापवलेलं प्या. न तापवलेलं दूध सवय नसलेल्या पोटाला त्रास देतं, आणि तुम्हाला सकाळी आठला गेटवर हजर व्हायचंय. सोळंकीचं कॉकटेल मात्र चुकवू नका. उंच ग्लासात फळं, जेली, आइस्क्रीम, दाट दूध. दारूचा थेंब नाही. फक्त ते बिल खर्चात लावू नका. त्यावर ‘कॉकटेल’ असं छापलेलं असतं आणि चाकणच्या अकाउंट्सला समजावण्यात तुमचा अर्धा दिवस जाईल.

फिरण्याचं वेळापत्रक वारांवर बांधा. सोमवारी संध्याकाळी रंकाळा. कामाचा पहिला दिवस थकवतो, त्या दिवशी खरेदी किंवा रांगा नकोत. रिक्षाने रंकाळा टॉवरपाशी उतरा आणि चौपाटीच्या कडेने चाला. काम लवकर आटोपून अंधार पडायच्या आत पोचलात तर पाण्यापलीकडे शालिनी पॅलेस दिसतो. तलावाची पूर्ण फेरी रमतगमत तासाभराहून जास्त वेळ घेते, पण अंधार पडल्यावर एकटीने ती घालू नका. टॉवर आणि चौपाटीची बाजू रात्री नऊ-साडेनऊपर्यंत कुटुंबांनी भरलेली असते, मागची बाजू लवकर सुनसान होते. डिसेंबरात तिथं वारा थंड असतो, शाल किंवा जॅकेट लागतंच.

मंगळवारी देवळाच्या बाजूला फिरकू नका. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे वार, रांग लांब. आईंसाठी दर्शन हवंच, तर बुधवारी पहाटे. साडेपाचला निघालात तर सातच्या आत परत खोलीवर येता. मुख्य रांग मोठी दिसली तर मुखदर्शनाच्या रांगेत जा, समोरून दर्शन होतं आणि वेळ फारसा लागत नाही. अंगभर कपडे घाला, लॅपटॉपची बॅग खोलीवर ठेवा. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरचं काळ्या दगडातलं कोरीवकाम, योगिनींच्या मूर्ती, हे निवांत बघायला पहाटेइतकी चांगली वेळ नाही. मावळतीचे किरण देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात तो किरणोत्सव नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुढं ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. तुमची तारीख दोन्हींच्या मधली, तेवढी गर्दी तरी टळली.

मंगळवारची संध्याकाळ जुन्या शहरासाठी, पण देवळाला वळसा घालून. बिंदू चौकातून भवानी मंडप, तिथून खासबाग मैदान. शाहू महाराजांनी बांधलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२ पासून आहे. वाडग्यासारखा खोलगट आकार, मधोमध मातीचा हौद, त्यामुळे मागच्या रांगेतल्यालाही पुढच्याचं डोकं आड येत नाही. ज्यांचं काम मापांचं आणि कोनांचं आहे त्यांना ही रचना जास्त आवडेल. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालं. कोल्हापूरकरापाशी तो विषय निघाला तर जपून बोला, अजून दुखतं. इथंच भेळ खा आणि परत या.

पंचगंगा घाट बघायचा तर सूर्य मावळायच्या आत पोचायला हवं. अंधारात पायऱ्या निसरड्या आणि माणसं तुरळक. सहाला सुटून ते जमत नाही, म्हणून तो सोडा. नवा राजवाडा आणि टाऊन हॉल संग्रहालय हेही दिवसाउजेडीचे. गुरुवारी क्लोजिंग मीटिंग तीनला आटोपली तर टाऊन हॉल गाठा, पाऊण तास पुरतो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात झालेल्या उत्खननातल्या वस्तू तिथं आहेत. त्यात रोमन समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती बघा. कास्टिंगमधले दोष शोधणाऱ्या माणसाने दोन हजार वर्षांपूर्वीचं ओतकाम बघायलाच हवं.

खरेदी गुरुवारी संध्याकाळी, शेवटच्या दिवशी. त्याआधी घेतलेलं ओझं खोलीत सांभाळत बसावं लागतं. भवानी मंडपाजवळची चप्पल लाईन. दुकानात शिरल्यावर आधी तळवा उलटा करून कडेने बघा. खऱ्या चामड्याच्या कडेला धागे-धागे आणि थर दिसतात, नकली तळ एकसंध, गुळगुळीत आणि हलका असतो. पारंपरिक जोडाला खिळे नसतात, शिवण चामड्याच्या वादीची. टाच आणि तळ जोडणारी ती वादी बोटाने चाचपून बघा, कुठं सैल असेल तर तो जोड बाजूला ठेवा. दिवसभर सेफ्टी शूजमध्ये राहिलेलं पाऊल संध्याकाळी थोडं सुजलेलं असतं. तरीही जोड अंगठ्यापाशी किंचित घट्टच घ्या. चामडं पंधरा दिवसांत सैलावतं, आज बरोबर बसणारी चप्पल महिन्याभरात पायातून निसटते. दुकानदार ‘ही अथणीची’ म्हणाला तर नाक मुरडू नका. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून आहे, आणि अथणी ज्या बेळगाव जिल्ह्यात येतं तो त्यातलाच एक. घासाघीस चालते, पण कारागिराच्या मजुरीचा विचार करून करा. घरी आल्यावर पट्ट्यांच्या आतून आणि अंगठ्याजवळ खोबरेल चोळा, पहिले चार दिवस घरातच अर्धा-अर्धा तास घाला. पावसात कधीच नाही. भिजली तर उन्हात ठेवू नका, कडक होऊन तडकते. सावलीत वाळवा आणि मग तेल लावा.

गुळासाठी डिसेंबर उत्तम, गुऱ्हाळं जोरात असतात. इथं गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात. एक किलोचा किंवा पाच किलोचा रवा मागा. लक्ष्मीपुरीत मिळेल. पिवळाधमक, चकाकणारा गूळ सुंदर दिसतो पण तो रंग आणायला बऱ्याचदा रसायनं वापरलेली असतात. थोडा तांबूस-तपकिरी, फोडल्यावर आत कणीदार दिसणारा घ्या. नवा गूळ ओलसर असतो. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून बसच्या डिकीत टाकलात तर पाघळतो. कागदात, मग कापडी पिशवीत, आणि ती स्वतःपाशी. कांदा-लसूण चटणी पाव किलो पुरे. तिला तेल सुटतं, म्हणून दोन पिशव्यांत बांधून वर डबा. ऑडिटची कागदपत्रं त्याच बॅगेत ठेवायची नाहीत, हे लिहायला लागू नये पण लिहितो.

ऊसतोड सुरू असल्यामुळे संध्याकाळी शिरोली आणि गोकुळ शिरगाव दोन्हीकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असेल. सहाला सुटलात तर खोलीवर पावणेसात धरा, आणि एवढ्यात ड्रायव्हरला ‘जरा जोरात’ म्हणू नका. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो.

तुमच्या कामात अशा फेऱ्या दर काही महिन्यांनी निघतात. पुढची जुलै-ऑगस्टमध्ये ठेवू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदी त्या आकड्यांकडे निघाली की शियेचा रस्ता बंद पडतो, आणि २०१९ व २०२१ मध्ये तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली जाऊन काही दिवस वाहतूक थांबली होती. गोकुळ शिरगावला अडकलात तर निदान शहर अलीकडे आहे, शिरोलीच्या बाजूला अडकलात तर मधे नदी. या वेळच्या क्लोजिंग मीटिंगमध्येच ऑक्टोबरची तारीख मागून घ्या.